दोन काचा एकमेकींशी जुळतात का, हे कसे तपासावे

काच वितळवून जोडता येते, पण कोणतीही काच कोणत्याही काचेला जोडता येत नाही. दोन वेगळ्या काचांचे तुकडे भट्टीत एकजीव होतात, बाहेर काढताना अखंड दिसतात आणि तासाभराने, कधी महिन्याभराने, कोणी हातही न लावता सांध्याच्या कडेने तडकतात. अशा काचा न जुळणाऱ्या. वितळवून एकत्र केल्यावर आणि सावकाश थंड केल्यावर ज्यांच्या सांध्यात धोक्याइतका ताण उरत नाही, त्या जुळणाऱ्या. ताण अगदी शून्य असावा लागत नाही. थोडा ताण काच वर्षानुवर्षे सोसते. भट्टीत काचेचे थर वितळवून ताटे आणि फलक करणारे फ्यूजिंगचे कारागीर, ज्योतीवर मणी करणारे आणि नळीने फुंकून भांडी घडवणारे, या सर्वांनाच ही पारख करावी लागते.

जुन्या कारखान्यांना हा प्रश्न फारसा भेडसावत नसे. ते स्वतःच्याच मूळ मिश्रणात धातूंची ऑक्साइडे घालून रंगीत काच करत आणि प्रमाणे पिढ्यान्पिढ्या अनुभवाने जुळवत. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या टोलीडो येथे हार्वी लिटलटन आणि डॉमिनिक लबीनो यांनी छोट्या भट्टीत काच वितळवण्याच्या कार्यशाळा घेतल्या. त्यानंतर काचकाम कारखान्याबाहेर, एकट्या कलावंताच्या स्टुडिओत येऊ लागले. स्टुडिओतला कलावंत पारदर्शक काच एकीकडून, रंगाच्या कांड्या दुसरीकडून आणि पत्रे तिसरीकडून घेतो, आणि जुळणीची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते.

ताण कुठून येतो

काच तापली की वाढते, निवली की आखडते. एक अंश सेल्सिअसला लांबी मूळच्या किती पट बदलते, ते सांगणारा आकडा म्हणजे एकरेषीय प्रसरणांक. तो फार लहान असतो. नेहमीच्या काचेचा प्रसरणांक दर अंशाला दहा लाख भागांत सुमारे नऊ भाग, म्हणजे ०.०००००९० इतका भरतो. काचकामाच्या व्यवहारात पुढची शून्ये गाळतात आणि नुसते ‘९० ची काच’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून या आकड्याला सीओई असेही म्हटले जाते. प्रयोगशाळेच्या बीकरची बोरोसिलिकेट काच ३३ ची, खिडकीची काच साधारण ८३ ते ९० च्या दरम्यान, मुरानोच्या परंपरेतली मणीकामाची मऊ काच १०४ ची. शुद्ध सिलिकाची काच जेमतेम साडेपाचची, त्यामुळे ती लालबुंद असताना पाण्यात बुडवली तरी सहसा तडकत नाही. मिश्रणात सोडा किंवा पोटॅश वाढले की प्रसरणांक चढतो. सिलिका आणि (मर्यादेत) बोरॉन वाढले की उतरतो.

हे आकडे कितीही क्षुल्लक दिसले तरी त्यांचा परिणाम मोठा असतो. ५०० अंशांनी निवताना ९० ची एक मीटर लांब पट्टी साडेचार मिलिमीटर आखडते, ३३ ची जेमतेम १.६५ मिलिमीटर. हा फरक डोळ्यांना दिसेल एवढा आहे आणि अशा दोन काचा भट्टीतच वेगळ्या होतात. फसवणूक होते ती जवळच्या आकड्यांत. ३० सेंटिमीटरच्या ताटात ९० आणि ९६ च्या काचा एकत्र केल्या, तर आखडण्यातला फरक ०.०९ मिलिमीटर, म्हणजे साधारण एका केसाच्या जाडीएवढा येतो. पण काच रबरासारखी ताणत नाही. सारख्या जाडीचे दोन थर धरले, तर प्रसरणांकातल्या एका अंकाच्या फरकाने ढोबळमानाने दोन मेगापास्कल ताण पडतो. साध्या, न कडक केलेल्या काचेवर सतत सात मेगापास्कलच्या वर ओढ येऊ देऊ नये, असा अभियंत्यांचा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने तीन अंकांचा फरकही उंबरठ्यावरचा ठरतो आणि सहा अंकांचा तो ओलांडून पुष्कळ पुढे जातो.

जास्त आखडू पाहणाऱ्या काचेवर ओढ येते आणि कमी आखडणारीवर दाब. दाबाखाली काच दणकट असते. ती फुटते ओढीने. शिवाय पातळ थराच्या वाट्याला जास्त ताण येतो, जाड थराच्या वाट्याला कमी. पातळ थर जास्त प्रसरणाचा असेल, तर त्याच्या पृष्ठावर बारीक तड्यांचे जाळे पडते. तो कमी प्रसरणाचा असेल, तर दाबाखाली राहतो आणि कडांना कपच्या उडण्याचा धोका उरतो.

आकडा एकच असला म्हणजे झाले, हा समज काचकामात सर्वांत महागात पडणारा आहे. छापलेला प्रसरणांक बहुधा खोलीच्या तापमानापासून ३०० अंशांपर्यंत मोजलेला असतो. ताण साठायला सुरुवात मात्र त्याच्या खूप वर होते. काच एका ठरावीक तापमानाला गोठत नाही. निवताना ती दाट, आणखी दाट होत जाते आणि एका पट्ट्यात पोहोचली की तिच्यातला ताण वाहून जाणे थांबते. काचेचा हा दाटपणा, म्हणजे श्यानता, प्रत्येक मिश्रणात वेगळ्या तापमानाला ही अवस्था गाठतो. एक काच ५५० अंशांजवळ आवळते, दुसरी ५०० च्या आसपास. त्या मधल्या पट्ट्यात मऊ असलेली काच द्रवासारखी, म्हणजे घन अवस्थेपेक्षा साधारण तिप्पट वेगाने आखडत असते, तर शेजारीण घनाच्या चालीने. ३०० अंशांपर्यंतचा आकडा या पट्ट्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून तंतोतंत सारख्या आकड्याच्या दोन काचा भांडू शकतात, आणि आकड्यात थोडा फरक असलेल्या दोन काचांची श्यानता तो फरक भरून काढणारी असेल, तर त्या सुखाने नांदतात.

पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्यूजिंगसाठी तपासून जुळवलेली काच बाजारात आणली. तिला सगळे ९० ची काच म्हणतात. प्रत्यक्षात तिच्या प्रत्येक रंगाचा मोजलेला प्रसरणांक ९० नसतो, हे कंपनीच्या तांत्रिक लिखाणातच सांगितलेले आहे. प्रत्येक रंग तिच्या पारदर्शक काचेशी वितळवून तपासतात आणि त्या कसोटीला उतरेल असे मिश्रण बसवतात. ९६ च्या गटाचेही तेच. तेव्हा वेष्टनावरचा ९० किंवा ९६ हा आकडा गटाचे नाव म्हणून वाचावा. एका गटातली, एकाच उत्पादकाने जुळणीसाठी तपासलेली काच आपापसांत चालते. दुसऱ्या उत्पादकाने आपल्या मालावर तोच आकडा छापला, तर तेवढ्यावर विश्वास टाकू नये. खिडकीची काच ‘९० च्या जवळची’ म्हणून फ्यूजिंगच्या ९० च्या रंगांखाली आधाराला वापरण्याचा मोह स्वस्ताईमुळे होतो. ती आवळते वेगळ्या तापमानाला, त्यामुळे ही जोडी बहुधा टिकत नाही.

आधी काच कोणती ते ओळखणे

कसोटीला बसण्यापूर्वी काचेचे कुळ ओळखले, तर निम्मे श्रम वाचतात. कुळेच वेगळी असतील, तर पुढे तपासण्यासारखे काही उरत नाही.

बोरोसिलिकेट ओळखायला स्वयंपाकघरातले तेल पुरते. तिचा अपवर्तनांक सुमारे १.४७ आहे आणि सूर्यफूल किंवा शेंगदाणा तेलाचाही जवळपास तेवढाच. रंगहीन बोरोसिलिकेटचा तुकडा तेलात बुडवला की त्याच्या कडा दिसेनाशा होतात. बाटलीची किंवा खिडकीची सोडा-लाइम काच १.५२ च्या आसपास असते, ती तेलातही स्पष्ट दिसत राहते. दुसरी खूण घनतेची. तुकडा आधी हवेत तोलावा, मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडालेला तोलावा आणि हवेतल्या वजनाला दोन्हींतल्या फरकाने भागावे. बोरोसिलिकेट २.२३ च्या जवळ भरते, सोडा-लाइम २.५ च्या जवळ आणि २४ टक्के शिसे असलेली क्रिस्टल काच २.९ च्या पुढे. दागिन्यांच्या तराजूवर हे सहज होते, फक्त तुकडा फार लहान नसावा.

बोरोसिलिकेट म्हटल्यावर एकच काच डोळ्यांसमोर आणणेही चुकीचे. प्रयोगशाळेतल्या भांड्यांची काच ३.३ या वर्गाची असते. आयएसओ ३५८५ या मानकाने तिचा प्रसरणांक ठरवून दिला आहे आणि भांड्यावर बहुधा ३.३ हा आकडा असतो. औषधांच्या कुप्यांची नळकाच त्याच नावाने ओळखली जाते, पण तिचा प्रसरणांक ५० च्या आसपास असतो. बीकरला कुपीची काच जोडली, तर सांधा टिकत नाही. व्यापारी नावांवर तर मुळीच विसंबू नये. पायरेक्स हे नाव कॉर्निंगने १९१५ मध्ये बोरोसिलिकेट भांड्यांसाठी बाजारात आणले. अमेरिकेत त्या नावाने आज विकली जाणारी स्वयंपाकाची भांडी सोडा-लाइम काचेची असतात.

बाटल्या आणि खिडक्यांची काच सोडा-लाइम कुळातलीच, तरी प्रत्येक कारखान्याचे मिश्रण निराळे. एक बाटली तिच्या स्वतःच्या तुकड्यांशी जुळते, एवढीच खात्री बाळगावी. एकाच पेयाची हिरवी आणि तपकिरी बाटली वेगळ्या कारखान्यांतून आलेली असू शकते. खिडकीच्या काचेचे काम करताना सगळे तुकडे एकाच पत्र्यातून कापणे हा सर्वांत सोपा उपाय आहे. त्यावर रंग हवा असेल, तर खिडकीच्या काचेसाठी म्हणून बनवलेले इनॅमल किंवा चुरा घ्यावा. कडक केलेली, म्हणजे टफन्ड काच या कामातून वगळावी, कारण ती कापता येत नाही; कापायला गेले की सगळी भुगा होते.

तारेची कसोटी

ज्योतीवर काम करणाऱ्यांना ही कसोटी पाच मिनिटांत करता येते आणि तिला भट्टी लागत नाही. तपासायच्या दोन काचांच्या सारख्या जाडीच्या कांड्या किंवा पट्ट्या घेऊन त्यांची टोके ज्योतीत मऊ करतात, शेजारीशेजारी दाबून चिकटवतात आणि चिमट्याने चपटी करतात. दोन्ही काचा अर्ध्या-अर्ध्या, एकीवर एक न गुंडाळता समोरासमोर राहतील हे पाहणे महत्त्वाचे. मग तो गोळा नीट तापवून ज्योतीबाहेर काढतात, क्षणभर थांबतात आणि सरळ रेषेत ओढून सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची, एक मिलिमीटर जाडीची तार काढतात. ती पूर्ण आवळेपर्यंत ओढ ढिली करायची नाही. मग दोन्ही टोकांशी तोडून तार सपाट कागदावर ठेवतात.

तार सरळ राहिली, तर प्रसरणांक जवळजवळ सारखे. ती धनुष्यासारखी वाकली, तर आतल्या, अंतर्वक्र बाजूची काच जास्त प्रसरणाची, कारण तीच जास्त आखडून तारेला आपल्याकडे खेचते. टोकांना जोडणाऱ्या रेषेपासून मधला फुगवटा पट्टीने मोजता येतो. वर सांगितलेल्या मापाच्या तारेत प्रसरणांकातल्या एका अंकाच्या फरकाला हा फुगवटा साधारण एक मिलिमीटरपेक्षा थोडा कमी येतो. सहा अंकांच्या फरकाला पाचाच्या आसपास. तार निम्म्या जाडीची असेल, तर फुगवटा दुप्पट होतो. लांबी दुप्पट असेल, तर चौपट. म्हणून जाडी आणि लांबी न नोंदता ‘थोडी वाकली’ म्हणण्यात काही अर्थ नाही. तीन-चार तारा ओढून पाहणे शहाणपणाचे, कारण ओढताना हात वाकडा झाला तरी तार वाकडी निघते. खरा बाक प्रत्येक तारेत त्याच काचेच्या बाजूला असतो.

या कसोटीची मर्यादा तिच्या वेगातच आहे. तार सेकंदा-दोन सेकंदांत आवळते, तिला ॲनीलिंग, म्हणजे आतला ताण वाहून जाईल अशा तापमानाला थांबवून सावकाश निववणे, मिळत नाही आणि श्यानतेतल्या फरकाचा परिणाम भट्टीतल्या सावकाश निवणाऱ्या कामापेक्षा वेगळा पडतो. तेव्हा नापास झालेली जोडी टाकून द्यावी. पास झालेली मोठ्या कामात वापरण्यापूर्वी पुढच्या कसोटीला लावावी. ज्योतीशी बसताना चष्मा घालावा आणि हवा खेळती असावी. लाल, पिवळ्या आणि नारिंगी काचांत कॅडमियम असू शकते आणि अनोळखी क्रिस्टलमध्ये शिसे.

ध्रुवित प्रकाशाची कसोटी

फ्यूजिंगसाठी निर्णायक कसोटी हीच. ताणाखाली असलेली काच प्रकाशाचे दोन भाग करते, हे डेव्हिड ब्रूस्टरने १९ व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवले. प्रकाश एकाच दिशेत कंप पावू देणारी दोन पोलरायझर पाने एकमेकांशी काटकोनात धरली की पलीकडचा दिवा दिसेनासा होतो. मधे ताणमुक्त काच ठेवली तरी काळोख तसाच राहतो. काचेत ताण असेल, तर तेवढीच जागा उजळते.

साधनांना मोठा खर्च नाही. पोलरायझर फिल्मचे दोन तुकडे आणि मागे पांढरा एलईडी पॅनेल एवढे पुरे. तेही नसेल, तर लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करावा, कारण त्यातून येणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो, आणि पोलराइज्ड गॉगलची एक काच पडदा काळा दिसेपर्यंत त्याच्यासमोर फिरवावी. तपासायची काच या दोहोंच्या मधे धरायची. थ्रीडी सिनेमाचे चष्मे सहसा वेगळ्या जातीचे असतात, ते इथे घोटाळा करतात.

नमुना असा करतात. जी पारदर्शक काच आधाराला वापरायची तिची तीन मिलिमीटर जाडीची, चार-पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापतात. तिच्यावर तपासायच्या काचांचे साधारण एक सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे पुरेसे अंतर सोडून ठेवतात. एक तुकडा त्याच पारदर्शक काचेचा असायलाच हवा. हा नियंत्रक तुकडा म्हणजे सगळ्या कसोटीचा कणा, आणि घाईत नेमका तोच राहून जातो. मार्करच्या खुणा भट्टीत जळून जातात, म्हणून तुकड्यांचा क्रम कागदावर उतरवून ठेवावा.

पट्टी फ्यूजिंगच्या पूर्ण तापमानाला, म्हणजे साधारण ८०० ते ८१५ अंशांना दहा-पंधरा मिनिटे ठेवावी. चौकोनांच्या कडा गोल होऊन ते पट्टीत बसायला हवेत. नुसते चिकटलेले तुकडे ताणाचे चित्र नीट दाखवत नाहीत. मग ॲनीलिंग. हे त्या काचेच्या उत्पादकाने सांगितलेल्या तापमानाला करायचे: बुल्सआयच्या काचेसाठी ४८२ अंश, ९६ च्या गटासाठी ५१० च्या आसपास. एकूण सहा मिलिमीटर जाडीला तासभर थांबून पुढे ३७० अंशांपर्यंत ताशी ८० अंशांच्या वेगाने उतरणे पुरते. काच अनोळखी असेल, तर सर्वांत वरच्या शक्य तापमानापासून, म्हणजे ५६० पासूनच सावकाश उतरावे. वेळ जातो, पण निकाल निर्वेध मिळतो.

पट्टी पूर्ण थंड झाल्यावरच पाहावी, कारण कोमट काचेत तात्पुरता ताण असतो आणि तोही उजळतो. सर्वांत आधी नियंत्रक तुकडा पाहायचा. त्याच्याभोवती उजेड असेल, तर ॲनीलिंग चुकले आहे आणि बाकीचे काही वाचण्यात अर्थ नाही. पट्टी पुन्हा भट्टीत घालून अधिक सावकाश निववावी. तो काळोखात विरून गेला असेल, तर इतरांकडे वळावे. तुकड्याभोवतीच्या पारदर्शक काचेत प्रभावळ दिसली, तर ती जोडी न जुळणारी. अपारदर्शक रंगही अशा रीतीने तपासता येतो, कारण उजेड तुकड्यात नव्हे, त्याच्या सभोवती वाचायचा असतो. पट्टी ४५ अंशांपर्यंत फिरवत पाहावी. ताणाची दिशा पोलरायझरच्या दिशेशी समांतर असेल तिथे तो लपतो, म्हणून एकाच कोनातून पाहिलेला काळोख फसवा ठरू शकतो.

कोपऱ्यांशी पुसटसा करडा उजेड छोट्या दागिन्यांत चालून जातो, मोठ्या ताटात तो टाळावा. चारही बाजूंनी पांढरी प्रभावळ आली, तर काच बाद. पिवळसर छटा दिसू लागली, तर ताण इतका की तो तुकडा अजून अखंड कसा, याचेच नवल करावे.

ध्रुवित प्रकाश ताण किती आहे ते सांगतो, पण कोणती काच जास्त आखडली ते नुसत्या उजेडावरून कळत नाही. हे अपारदर्शक रंगांच्या जोडीत आडवे येते. दोन रंग पारदर्शक काचेशी जेमतेम जुळतात, पण एक तिच्यापेक्षा किंचित जास्त प्रसरणाचा आणि दुसरा किंचित कमी असेल, तर ते दोघे थेट एकमेकांवर टिकणार नाहीत. अशा वेळी तारेच्या कसोटीकडे परत जावे. तार कोणत्या बाजूला वाकते ते दिशा सांगते, आणि दोन्ही कसोट्या मिळून चित्र पुरे होते.

तडे काय सांगतात

तडकलेले काम फेकण्याआधी नीट पाहावे. तड्याच्या कडा गोल झालेल्या असतील, तर काच तापताना, फार वेगाने चढवल्यामुळे तडकली आणि नंतर पुन्हा मऊ झाली. ती जुळणीची चूक नव्हे. कडा धारदार असतील, तर तडा निवताना किंवा नंतर गेला. त्यातही तडा दोन रंगांच्या सीमेला धरून, किंवा एखाद्या रंगीत ठिपक्याला वळसा घालून गेला असेल, तर संशय जुळणीवर घ्यावा. रंगांची पर्वा न करता कडेपासून कडेपर्यंत वळणदार गेलेला तडा बहुधा ॲनीलिंगच्या किंवा घाईने निववण्याच्या खात्यावर जातो. फरक महत्त्वाचा आहे, कारण ॲनीलिंगचा ताण पुन्हा भट्टीत घालून घालवता येतो. न जुळण्याचा ताण कितीही वेळा, कितीही सावकाश निववले तरी तसाच परत येतो.

काम तडकले नाही म्हणजे काचा जुळल्या, असेही नाही. ताणाखालच्या काचेतला सूक्ष्म ओरखडा हवेतल्या ओलाव्याच्या मदतीने हळूहळू वाढत राहतो आणि एक दिवस मर्यादा ओलांडतो. मण्यावर बसवलेला लहानसा परका ठिपका वर्षानुवर्षे टिकतो, तीच काच ताटाच्या मधोमध पसरली की महिनाभरात फुटते. ‘आजवर काही झाले नाही’ हा अनुभव त्या आकाराच्या, त्या जाडीच्या कामापुरताच खरा मानावा.

मुद्दाम न जुळवलेल्या काचाही असतात. कॉर्निंगने १९७० मध्ये आणलेल्या कोरेल ताटांत जास्त प्रसरणाच्या गाभ्याला दोन्ही बाजूंनी कमी प्रसरणाच्या काचेचे पातळ कवच असते. कवच कायम दाबाखाली राहते, म्हणून ताट सहज फुटत नाही. पण तिथे थरांची जाडी आणि कडांची बांधणी नेमकी हिशेबाने ठरलेली असते. स्टुडिओत ही नक्कल करायला जाऊ नये. वैज्ञानिक उपकरणांचे काचकारागीर ३३ ची नळी मऊ काचेला जोडताना मधे चढत्या प्रसरणांकाच्या काचांचे छोटे वेढे घालतात, म्हणजे फरक एकाच सांध्यावर न पडता अनेकांत वाटला जातो. धातूलाही हाच नियम लागू आहे. पहिल्या विजेच्या दिव्यांत काचेतून आरपार जाणारी तार महागड्या प्लॅटिनमची होती, कारण प्लॅटिनमचा प्रसरणांक सोडा-लाइम काचेच्या अगदी जवळ, ९० च्या आसपास येतो. फ्यूजिंगमध्ये तांब्याचा किंवा चांदीचा पातळ वर्ख चालतो तो प्रसरणांक जुळतात म्हणून नव्हे, तर वर्ख इतका मऊ आणि पातळ असतो की तोच काचेपुढे वाकतो. जाड तार घातली की काच तडकते.

तपासून पास झालेली जोडीही भट्टीत बदलू शकते. फ्लोराइडने दुधाळ केलेल्या काचा आणि काही लाल-पिवळे रंग वारंवार किंवा फार वेळ तापवले, तर त्यांच्यात बारीक स्फटिक वाढतात, उरलेल्या काचेचे मिश्रण बदलते आणि तिचा प्रसरणांक व श्यानता दोन्ही सरकतात. एकदा फ्यूज करायच्या कामासाठी घेतलेली कसोटी चार वेळा भट्टीत जाणाऱ्या कामाला पुरत नाही. नमुन्याची पट्टीही तितक्याच वेळा, तितक्याच तापमानाला फिरवून मग पाहावी. उत्पादकाची नवी खेप आली की दुधाळ आणि गडद रंगांचा एक-एक तुकडा पुन्हा तपासणे बरे.

काचकामातले बहुतेक अपघात कसोटी चुकल्याने नव्हे, तर उरलेले तुकडे एका डब्यात मिसळल्याने होतात. ९० आणि ९६ चा निळा तुकडा डोळ्यांना सारखाच दिसतो. प्रत्येक गटाला वेगळा डबा, वेगळी फळी आणि शक्य असल्यास वेगळा कापण्याचा टेबल ठेवावा. पत्रा कापताना खूण असलेला कोपरा शेवटपर्यंत राखावा. मिसळलेला डबा निवडत बसण्यापेक्षा त्यातली काच शिशाच्या पट्टीत किंवा तांब्याच्या फॉइलमध्ये बसवायच्या खिडकीकामासाठी बाजूला काढावी. तिथे काचा एकमेकींत वितळत नाहीत, त्यामुळे कोणतीही काच कोणत्याही काचेशेजारी बसते.